काखेतली कळ : एका न सांगितलेल्या दुखण्याचा इतिहास

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

बचत गटाच्या कामासाठी आम्ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावांत फिरतो. माण-खटावची माळरानं असोत, आटपाडी-जतचा दुष्काळी पट्टा असो, नाहीतर कराड-वाळव्याची उसाची रानं असोत, बैठकीत हिशेब संपला, हप्ते जमा झाले की खरं बोलणं सुरू होतं. बहुतेक वेळा ते दुखण्याचंच असतं. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाचं डोकं. पण एक दुखणं असं आहे, की ते सांगताना बाई आधी दाराकडे बघते आणि मग आवाज खाली आणते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पाच-सात वर्षं झालेली असतात. गाठ गेलेली असते, रिपोर्ट चांगले असतात. तरी काखेत कळ येते, दंडाच्या आतल्या बाजूला आग होते, छातीवर पट्टा आवळल्यासारखं वाटतं. भांगलायला बसलं की तासाभरात हात भरून येतो. म्हशीची धार काढताना बोटांना मुंग्या येतात.

घरात सांगितलं तर उत्तर ठरलेलं असतं : "वाचलीस ना? मग आता कशाची कुरकुर?" मग ती बाई सांगायचंच बंद करते. काही दिवसांनी तिलाच वाटायला लागतं, की हे सगळं आपल्या मनाचं असेल.

हे मनाचं नाही. हे दुखणं जुनं आहे, खरं आहे आणि त्याला इतिहास आहे. आज तोच सांगायचा आहे. लढायांचा आणि राजांचा इतिहास आपण शाळेत शिकलो, पण आपल्या अंगावर जे घडलं त्याचाही इतिहास असतो. तो कळला की दुखण्याला नाव मिळतं, आणि नाव मिळालं की डॉक्टरांपुढे बोलायला तोंड फुटतं.

सुरुवात नावापासूनच करू. कर्करोगातला 'कर्क' म्हणजे खेकडा. जुन्या ग्रीक वैद्यांना गाठीभोवती पसरलेल्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या, म्हणून त्यांनी रोगाला खेकड्याचं नाव दिलं. तेच पुढे इंग्रजीत कॅन्सर झालं आणि आपल्याकडे कर्करोग. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत अशा गाठींना अर्बुद म्हटलं आहे. म्हणजे रोग आजकालचा नाही. फवारणी आली, खतं आली, म्हणून हा रोग जन्माला आला असं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बायकांनाही तो होत होता.

उपाय मात्र भयंकर होते. भूल देण्याचं औषध नव्हतं, तेव्हा बाईला धरून ठेवून कापत. फॅनी बर्नी नावाच्या इंग्रज लेखिकेचं असं ऑपरेशन १८११ साली पॅरिसमध्ये झालं आणि नंतर तिने बहिणीला पत्र लिहून त्याचं सगळं वर्णन केलं. ते लिहायलाही तिला कित्येक महिने लागले. त्याच्या थोडं आधी, १८०४ मध्ये, जपानच्या हानाओका सेईशू या वैद्याने वनस्पतींपासून केलेलं गुंगीचं औषध पाजून एका बाईच्या स्तनाची गाठ काढली होती, पण ती बातमी जपानबाहेर गेली नाही. १८४६ मध्ये अमेरिकेत ईथरची भूल सगळ्यांसमोर देऊन दाखवली, पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आलं, आणि ऑपरेशनच्या वेळचं दुखणं थांबलं. ऑपरेशननंतरचं दुखणं मात्र कुणी फारसं विचारात घेतलं नाही.

आता येते ती आपल्या विषयाची मुख्य गोष्ट. अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम हॉलस्टेड नावाचे सर्जन होते. त्यांचं म्हणणं असं, की हा रोग गाठीपासून हळूहळू बाहेर पसरत जातो, म्हणून आजूबाजूचं जितकं जास्त काढावं तितकं बरं. ते सगळा स्तन काढत, त्याखालचे छातीचे स्नायू काढत आणि काखेतल्या गाठीही काढत. १८९४ मध्ये त्यांनी आपल्या ऑपरेशनचे निकाल छापले आणि पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं जगभर हीच पद्धत चालली. त्या काळात बाया फार मोठ्या गाठी घेऊन येत, त्यामुळे या ऑपरेशनने अनेकींचा जखमेच्या जागचा रोग आटोक्यात आला, हेही खरं. पण छाती खोल गेली, खांदा आखडला, हात सुजला. हॉलस्टेडना स्वतःलाही ते दिसत होतं. १९२१ मध्ये त्यांनी ऑपरेशननंतर सुजणाऱ्या हातावर वेगळा लेख लिहिला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच, ज्याने ऑपरेशन शोधलं त्यानेच हात सुजतो हे कागदावर लिहून ठेवलं होतं. आपल्या मैत्रिणीला मात्र आजही घरात ते पटवून द्यावं लागतं.

दुखतं का, तेही समजून घेऊ. बरगड्यांच्या मधून एक बारीक नस निघते. ती काखेतून जाते आणि दंडाच्या आतल्या कातडीला स्पर्शाची जाणीव देते. काखेतल्या गाठी काढताना ही नस ताणली जाते, दुखावते, कधी तुटते. विजेची तार उघडी पडली की कशी मधेच ठिणगी उडते, तशी दुखावलेली नस मधेच मेंदूला खबर पाठवत राहते. तिथे काही झालेलं नसतं, तरी मेंदूला वाटतं भाजलं, टोचलं. त्याच वेळी ती जागा बधीरही असते. हात लावला तर कळत नाही, पण आग मात्र होते. हे ऐकणाऱ्याला खोटं वाटतं, पण नसेच्या दुखण्याची हीच तऱ्हा असते. काहींना तर काढून टाकलेला स्तनच दुखतो किंवा खाजतो. पाय कापलेल्या माणसाला नसलेला अंगठा दुखतो ना, त्यातलाच हा प्रकार. मेंदूतला शरीराचा नकाशा एकदम पुसला जात नाही.

शिवाय किरणांच्या उपचाराने, म्हणजे ज्याला आपल्याकडे 'शेक देणं' म्हणतात त्याने, कातडी आणि आतला भाग वर्षानुवर्षं कडक होत जातो. काही केमोच्या औषधांनी हातापायांच्या बोटांना मुंग्या राहतात. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल यांसारख्या रोजच्या गोळ्यांनी सांधे धरतात. एका बाईच्या अंगात ही तीन-चार दुखणी एकत्र नांदत असतात.

आता आपल्या भागाकडे येऊ. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय सुरू केलं. मिरज रेल्वेचं मोठं ठाणं होतं, त्यामुळे लांबलांबून माणसं ऑपरेशनसाठी मिरजेला येऊ लागली. 'मिरजेला नेलं' याचा अर्थच मोठं दुखणं, असा आपल्या आजी-पणजीच्या तोंडी झाला. पण कॅन्सरसाठी वेगळं रुग्णालय म्हणजे मुंबईचं टाटा. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं केलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं.

परळ म्हणजे गिरणगाव. सातारा-सांगलीकडची किती माणसं तिथल्या गिरण्यांत खपली, हे आपल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. गावाकडून बाई तपासायला न्यायची तर लालबाग-परळच्या खोलीत कुणी तरी भावकीतला, गाववाला असायचाच. दहा बाय बाराच्या खोलीत पाहुणी बाई भिंतीकडे तोंड करून झोपायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या आणि त्या खोल्याही हळूहळू गेल्या. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा मात्र टाटाच्या पेशंटना आजही आधार देते. ज्या गाडगेबाबांच्या नावाने कराडला कॉलेज आहे, त्यांच्याच नावाच्या छपराखाली आपल्या कितीतरी आयाबाया केमोच्या दिवसांत झोपल्या.

या लांबच्या प्रवासाचा दुखण्याशी संबंध आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर जायचं, रांगेत बसायचं, दोन मिनिटं डॉक्टर भेटणार. त्या दोन मिनिटांत विचारायचं ते एकच, रोग परत आलाय का? 'नाही' म्हटलं की देवाला हात जोडून परत फिरायचं. हात दुखतो, हे सांगायला तिथे जागाच उरत नाही. आणि गावातल्या दवाखान्यात सांगावं, तर तिथून उत्तर येतं, "हे मुंबईच्या डॉक्टरांना विचारा." आज मिरजेत सिद्धिविनायक गणपती कर्करोग रुग्णालय आहे, कराड, सांगली, कोल्हापूर, बार्शीकडेही उपचार मिळतात. वाट जवळ आली. बोलणं अजून जवळ आलेलं नाही.

दरम्यान जगात एक मोठा वाद झाला. बर्नार्ड फिशर नावाच्या अमेरिकी सर्जनने विचारलं, इतकं कापून खरंच जास्त बाया जगतात का? १९७१ पासून त्यांनी सोळाशेहून जास्त बायांवर अभ्यास सुरू केला. पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल २००२ मध्ये छापला. हॉलस्टेडचं मोठं ऑपरेशन झालेल्या आणि कमी कापलेल्या बाया सारख्याच जगल्या होत्या. इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनीही १९८१ मध्ये दाखवलं, की गाठ लहान असेल तर स्तन वाचवून, नंतर किरण देऊन तितकाच गुण येतो. पुढे १९९० च्या दशकात काखेतली सगळ्यात आधीची एक-दोन गाठी तपासून, त्या स्वच्छ असतील तर बाकीच्या न काढण्याची रीत आली. त्याने हात सुजण्याचं आणि नस दुखावण्याचं प्रमाण बरंच घटलं.

पण मैत्रिणींनो, कमी कापायचं तर गाठ लहान असताना जायला हवं. आपल्याकडे घोडं तिथेच अडतं. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परंडा या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत माणसं हिंडून कुणाला कॅन्सर झाला, कोणत्या टप्प्यात कळला, याची नोंद करू लागली. त्याआधी खेड्यातल्या बाईचं हे दुखणं कोणत्याच वहीत नव्हतं. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायांवर मोठा अभ्यास केला. निम्म्या बायांना दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य सेविका नुसत्या हाताने तपासत होत्या. मशीन नाही, फोटो नाही. २०२१ मध्ये निकाल आला, की तपासलेल्या बायांचा रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायांत या रोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे शिकवून तयार केलेल्या बाईच्या हाताने दुसऱ्या बाईचा जीव वाचतो. आणि लवकर सापडलं तर कापणं कमी, म्हणजे पुढचं दुखणंही कमी.

आता दुखणं मोजायला कधी सुरुवात झाली ते पाहू. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि मग डॉक्टर. त्यांनी सांगितलं, की दुखणं नुसतं शरीराचं नसतं. त्यात पैशाची काळजी असते, पोरांची काळजी असते, मनाची भीती असते, आणि हे सगळं मिळून एकच दुखणं होतं. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं, की पाठीच्या कण्यात दुखण्याच्या खबरांसाठी जणू एक दार असतं, ते कमी-जास्त उघडतं. ठेच लागली की आपण लगेच अंगठा चोळतो ना? चोळण्याच्या खबरेने ते दार थोडं लोटलं जातं. काळजी, जागरण, एकटेपण यांनी तेच दार सताड उघडतं.

याच मेल्झॅकनी १९७५ मध्ये आणखी एक काम केलं. 'दुखतंय' एवढं म्हणून डॉक्टरला काही कळत नाही, म्हणून त्यांनी दुखण्याचे ७८ शब्द जमवून एक प्रश्नावली केली. हे वाचलं तेव्हा आम्हाला हसू आलं, कारण आपल्या बायांकडे हे भांडार पहिल्यापासूनच आहे. कळ, ठणका, सणक, चमक, रग, आग, टोचणी, ओढ, कढ, मुंग्या, शिणवटा, पेटका, ठसठस, चुरचुर. सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी आयुष्यभर बायकांची गाणी, ओव्या, म्हणी गोळा केल्या. त्या भांडारात आपल्या भाषेचं बळ दिसतं. जात्याजवळ बाई जे बोलली ते तिने डॉक्टरपुढेही बोलावं, एवढंच आमचं म्हणणं आहे. कारण यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. आग, चमक, मुंग्या, चुरचुर म्हणालात तर डॉक्टर नसेकडे बघतील. ओढ, रग, आखडलंय म्हणालात तर स्नायू आणि खांद्याकडे. हात जड झालाय, बांगडी घट्ट होतेय म्हणालात तर सुजेकडे. सकाळी उठताना सांधे धरतात म्हणालात तर गोळ्यांकडे. तिन्ही-चारी दुखण्यांचे उपाय वेगळे आहेत.

१९७० च्या दशकात डॉक्टरांनी स्तनाच्या ऑपरेशननंतर राहणाऱ्या दुखण्याचं वेगळं वर्णन करायला सुरुवात केली. आणि २००९ मध्ये डेन्मार्क देशातला एक मोठा अभ्यास छापला. तिथे ऑपरेशन झालेल्या तीन हजारांहून जास्त बायांना दोन-तीन वर्षांनी विचारलं, तेव्हा ४७ टक्के बायांनी दुखतं म्हणून सांगितलं. पाच ते सात वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही ३७ टक्के बाया दुखणं सांगत होत्या. तरुण वयात ऑपरेशन झालेल्या, काखेतल्या गाठी काढलेल्या, किरण घेतलेल्या बायांना ते जास्त होतं. तो देश श्रीमंत, दवाखाने चांगले, तरी दहातल्या जवळपास चौघी. मग आमच्या गटातली बाई खोटं का सांगेल?

२०२० मध्ये दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेने दुखण्याची व्याख्या नव्याने लिहिली. तीत म्हटलं, की माणूस 'मला दुखतंय' म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत, तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या दुखण्याला स्वतःची जागा मिळाली. त्यात ऑपरेशननंतरचं आणि कॅन्सरच्या उपचारानंतरचं दुखणंही आहे. ज्याला घरात कुरकुर म्हणतात, ते आता रोगांच्या वहीत लिहिलं गेलं आहे.

आपल्या देशाची एक कडू गोष्टही सांगायला हवी. अफूपासून होणारं मॉर्फीन हे तीव्र दुखण्याचं मोठं औषध. आपल्या देशात अफूची सरकारी परवान्याने शेती होते. पण १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला, परवान्यांची कटकट आणि शिक्षेची भीती इतकी वाढली, की दवाखान्यांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. १९९७ पर्यंत देशातला त्याचा औषधी वापर जवळपास ९७ टक्क्यांनी घसरला. त्याच काळात मुंबईला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन आणि पुण्याजवळ वारज्याला १९९७ मध्ये सिप्ला कंपनीचं वेदनाशमन केंद्र सुरू झालं. केरळात डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९३ पासून गावोगावी हे काम नेलं. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये कायदा बदलला. वर्षानुवर्षं राहणाऱ्या नसेच्या दुखण्याला मॉर्फीन हा काही पहिला उपाय नाही. पण दुखण्यावर उपचार हा हक्क आहे, हे या लढाईने शिकवलं.

मग आज आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट व्यायामाची. पूर्वी सांगत, 'त्या हाताने काही उचलायचं नाही.' शेतकरी बाईला हे जमणार कसं? कळशी कोण उचलणार, वैरणीचा भारा कोण आणणार? मग एक तर ती कामावरून उठते आणि घरात ओझं होते, किंवा लपून उचलते आणि सूज आली की स्वतःला दोष देते. २००९ मध्ये अमेरिकेत हात सुजलेल्या १४१ बायांवर अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना देखरेखीखाली अगदी थोड्या वजनापासून हळूहळू उचलायला शिकवलं. सूज वाढली नाही. उलट अचानक सूज भडकण्याचं प्रमाण कमी झालं आणि हातात ताकद आली. म्हणजे हात बांधून ठेवायचा नाही आणि एकदम घागरही उचलायची नाही. फिजिओथेरपीच्या डॉक्टरांना विचारून तांब्यापासून सुरुवात करायची. भिंतीला तोंड करून बोटांनी वर चढत जायचं आणि रोज कोळशाने खूण करायची. खांदे गोल फिरवायचे. बऱ्या झालेल्या वणावर खोबरेल तेलाने हलकं चोळायचं. कापड लागलं तरी आग होत असेल तर आधी जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा, मग सुती कापड, मग टॉवेल, असं त्या कातडीला रोज थोडं थोडं सवयीला लावायचं.

दुसरी गोष्ट औषधाची. नसेच्या दुखण्याला मेडिकलमधली साधी पेनकिलर फारशी लागू पडत नाही, आणि ती रोज खाल्ली तर पोट आणि किडनी बिघडते. अशा दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटीन यांसारखी औषधं डॉक्टर देतात. यातलं पहिलं औषध मुळात मनाच्या आजारासाठी निघालं, म्हणून चिठ्ठी वाचून कुणी तरी म्हणतं, "या तर वेड्याच्या गोळ्या." तसं नाही. थोड्या डोसात ती नसेला शांत करते. मात्र कोणतंही औषध डॉक्टरांनाच विचारून. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते आधी सांगायचं, कारण काही गोळ्या तिच्याबरोबर चालत नाहीत. लेट्रोझोलने सांधे धरले तर गोळी मनाने बंद करायची नाही. ती रोग परत येऊ नये म्हणून आहे. डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात, आणि रोजच्या चालण्या-व्यायामानेही सांधे मोकळे होतात.

तिसरी गोष्ट काय करायचं नाही याची. बिब्बा लावायचा नाही, डाग घ्यायचा नाही. बधीर कातडीवर गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक घ्यायचा नाही, कारण भाजलेलं कळतच नाही. त्या हाताला खरचटलं, काटा रुतला, ऊस कापला तर लगेच धुवून औषध लावायचं. शेतात लांब बाह्यांचा जुना शर्ट घालायचा. त्या हातात घट्ट बांगड्या आणि करकचून बसणारी चोळीची बाही नको. एका बाजूचं वजन गेल्याने खांदा आणि पाठ ओढली जाते. त्यासाठी कापसाची, योग्य वजनाची पिशवी आतून शिवून घेता येते. गटातली शिवणकाम करणारी मैत्रीण हे काम दोन तासांत करून देईल.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जुनं दुखणं ओळखीचं असतं, पण नवं दुखणं अंगावर काढायचं नाही. कंबरेत, पाठीत किंवा मांडीच्या हाडात नवं दुखणं सुरू झालं आणि ते रात्री झोपेतही थांबत नसेल, वणावर किंवा दुसऱ्या स्तनात गाठ लागली, दम लागायला लागला, हात एकदम लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पुढच्या बाजारची वाट बघायची नाही.

शेवटी गटाचं काम. १९५२ मध्ये अमेरिकेत टेरेस लॅसर नावाच्या बाईचं असं ऑपरेशन झालं. घरी जाताना हात कसा हलवायचा, ब्लाउज कसा शिवायचा, हे सांगणारं तिला कुणी भेटलं नाही. मग ती स्वतःच दवाखान्यात जाऊन नव्या पेशंट बायांना भेटू लागली. त्यातून जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. तिच्याजवळ जे होतं ते प्रत्येक बचत गटाजवळ आहे : भोगलेली बाई, आणि भोगणारीला ऐकून घ्यायला वेळ.

२०२२ मध्ये आपल्या देशात अंदाजे १ लाख ९२ हजार बायांना नव्याने हा रोग झाला. त्यातल्या कितीतरी बऱ्या होऊन गावी येतील, आपल्या गटात बसतील. तेव्हा इर्जिक करावी तशी मदत वाटून घेता येते. तिच्या वाट्याची भांगलण कुणी तरी करावी, तिने त्या बदल्यात निवडण-टिपण किंवा गटाचा हिशेब करावा. अंतर्गत कर्जात तपासणीच्या प्रवासाला जागा ठेवावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, किरण बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटावं. आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात दुखण्याची नोंद करून घ्यावी. दवाखान्यात जाताना गटातली एकजण सोबत जावी आणि एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात : कुठे दुखतं, कसं दुखतं, कधी वाढतं, कोणतं काम अडतं. डॉक्टरजवळ दोनच मिनिटं असली तरी चार ओळी वाचायला ती पुरतात.

आणि पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर, वही मिटण्याआधी, एक प्रश्न विचारा, "बायांनो, कुणाचा हात दुखतो का?" विचारून थोडं थांबा. पहिल्यांदा कुणी बोलणार नाही. दुसऱ्या बैठकीत परत विचारा.